हरभऱ्यातलं तेज

पिंपळदरा, येलदरीजवळ
५ जानेवारी २०२५

चि. मंजुषा हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. आजकाल पत्र लिहितं कोण? पण फोनची अडचण अशी की घरात फोन एकच आणि माझे कान अर्धे, त्यामुळे बोलायचं ते स्पीकर लावून. मग तुझी मामी चुलीपाशी ऐकते, शेजारचा भगवानराव बांधावर ऐकतो, आणि मला जे सांगायचं आहे ते या दोघांनीही ऐकण्यासारखं नाही. सबब पत्र. वाचून झाल्यावर नीट ठेव, पुढे माझं चरित्र लिहिणाऱ्याला लागेल.

मुद्द्यावर येतो. मला तेज आलं आहे.

हसू नकोस. पाथरीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून माझी सगळी नोकरी झाली हे तुला माहीत आहेच. पाथरीला यात्रेकरू बारमाही. बैरागी, गोसावी, बुवा, महाराज, सगळे माझ्या खिडकीपुढून गेले आणि सगळ्यांनी गाडी कधी सुटते तेवढंच विचारलं. एकाच्याही डोक्याभोवती मी कधी उजेड पाहिला नाही. तेव्हा या बाबतीत मी सहजासहजी फसणारा माणूस नाही.

परवा दिवस कासराभर वर आला असताना मी आपल्या हरभऱ्याच्या रानात पाठीवर ऊन घेत उभा होतो. रान दवानं ओलं. माझी लांबलचक सावली हरभऱ्यावर पडलेली, आणि सावलीच्या डोक्याभोवती पांढराशुभ्र उजेड! मी चाललो, तो माझ्याबरोबर चालला. टोपी काढली, उजेड आहे. माकडटोपी घातली, तरी आहे. मान वाकडी केली, उकिडवा बसलो, उठलो. डोकं सोडून तो कुठं गेला नाही. शेजारी बजरंग उभा होता, आपल्याकडे मजुरीला येतो तो. त्याची सावली काळीठिक्कर. मी विचारलं, "बजरंग, काई दिसतंय का?" तर म्हणाला, "हरभरा दिसायलाय." आणि खाली बघून स्वतःशीच हसला.

सृष्टीचं लग्न झालं, लेक सासरी गेली, म्हणजे संसाराची गाडी फलाटाला लागली. आता मी माघी पौर्णिमेला घर सोडणार. नर्मदेकाठी जाणार, परतीचं तिकीट काढणार नाही. तुझ्या मामीला अजून कळवलेलं नाही, योग्य वेळी कळवीन.

तू पानाफुलांचे, पाखरांचे फोटो काढतेस, ते मासिकात येतात. तर कॅमेरा घेऊन ये आणि सदर तेजाचा पुरावा करून दे. पुराव्याशिवाय निघालो तर लोक म्हणतील, बायकोशी भांडून गेला.

तुझा मामा,
दिनकरराव


पुणे
११ जानेवारी २०२५

ती. मामांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले, आणि मग कुबडी घेऊन खिडकीपाशी जाऊन बसले. कुबडी अशासाठी की माझा पाय प्लास्टरमध्ये आहे. कोळ्याच्या जाळ्यावरचं दव टिपायला एका खडकावरून वाकले. दव जागेवर राहिलं, मी खाली आले. नाहीतर पत्राआधी मीच पोचले असते.

मामा, तुम्हाला दिसलं ते खरं आहे. डोळ्यांचा दोष नाही, भास नाही. पण ते तेज तुमच्या एकट्याचं नाही. दवाचा एकेक थेंब म्हणजे एक छोटंसं भिंग असतं. तुमच्या पाठीमागून आलेलं ऊन त्या भिंगातून खालच्या पानावर एका ठिपक्यात गोळा होतं, आणि तिथून उलटून ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं सूर्याकडे परत जातं. त्या वाटेवर कोण उभं असतं? तुम्ही. नेमकं सांगायचं तर तुमचे डोळे. म्हणून ज्याला त्याला उजेड दिसतो तो स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती. बजरंगला त्याच्या सावलीभोवती दिसला असणार आणि तुमची सावली काळी दिसली असणार. एकदा त्याला विचारून बघा. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते, थेंब पानाला न चिकटता त्या लवेवर उभे राहतात, म्हणून हरभऱ्यात हे फार सुरेख दिसतं.

खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटला. मी इथं लोकांना फोटो काढायला शिकवते. पहिल्या दिवशी सांगते की कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी ऊन कुठून येतंय ते बघा. समोरून आलं की पान आतून पेटल्यासारखं दिसतं. बाजूनं आलं की झाडाची साल, वाळूवरच्या रेघा उठून दिसतात. आणि ऊन पाठीमागून असलं तर, मी म्हणते, चहा प्यायला जा, कारण चित्र सपाट येईल आणि वर तुमचीच सावली मध्ये तडमडेल. आम्ही फोटो काढणारे आपली सावली चौकटीत येऊ नये म्हणून जन्मभर धडपडतो. त्यामुळे इतकी वर्षं दवात लोळूनही हे मी कधी पाहिलं नाही. तुम्ही नुसते उभे राहिलात आणि पाहिलंत.

पण एवढ्यावरून घर सोडू नका. मामींना न सांगता तर मुळीच नको.

तुमची,
मंजुषा


पिंपळदरा
२० जानेवारी २०२५

चि. मंजुषा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रानं फार समाधान झालं. मला वाटत होतंच, तू ते स्पष्ट शब्दांत लिहिलंस की ज्याचं तेज त्यालाच दिसतं. विज्ञानानंही मान्य केलं म्हटल्यावर तकरार मिटली. भिंगाचं वगैरे तू तुझ्या धंद्याच्या ओघात लिहिलं आहेस, ते मी सोडून दिलं.

बजरंगला विचारलं नाही. उगीच त्याला वाईट वाटायचं. मात्र तू येत नाहीस म्हणून त्याच्याच हातात मोबाईल दिला आणि सांगितलं, दोघांच्या सावल्या येऊ दे, म्हणजे फरक कळेल. फोटो आला. तेज बजरंगच्या डोक्याभोवती! शेजारी माझी सावली, तव्याच्या बुडासारखी. मी म्हणालो, "मोबाईल उलटा धरलास का रे?" बजरंग बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. मग कधी नव्हे इतक्या हळू आवाजात म्हणाला, "दिनकरराव, सुखी ऱ्हावा." आणि खुरपं तिथंच टाकून गेला. तेव्हापासून कामाला येत नाही. पारावर डोळे मिटून बसतो.

मग जिंतूरहून महारुद्रला बोलावलं. लग्नाचे फोटो काढतो, मोठा कॅमेरा आहे, छत्री आहे, दिवा आहे. त्यानं छत्री उघडली, दिवा लावला, दहा वेळा मला मागंपुढं सरकवलं, आणि सगळ्या फोटोंत तेज त्याच्याच डोक्यावर. मी पैसे काढले तर म्हणाला, "आता घेऊन काय करू?" जाताना मलाच आशीर्वाद दिला. हल्ली लग्नात तो नवरा-नवरीच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहतो आणि फोटो काढायचे राहून जातात, असं ऐकतो.

माझा निष्कर्ष असा की कॅमेऱ्याला माझं तेज सोसत नाही, ते उडून काढणाऱ्याच्या अंगावर बसतं. यावर तुझ्याकडे एखादी काच असेल तर पाठवून दे.

बातमी फुटली आहे. रोज सकाळी गाव दर्शनाला येतं. फक्त एक खटकतं, कोणी पाया पडत नाही. सगळे माझ्या शेजारी सूर्याकडे पाठ करून ओळीनं उभे राहतात, खाली बघतात आणि गालातल्या गालात हसतात. भारावून जात असतील.

आता घरातली गोष्ट. तुझी मामी हिवाळ्यात हरभऱ्याची आंब धरते ते तू लहानपणी पाहिलं आहेस. संध्याकाळी झाडांवर धुतलेलं धोतर पसरायचं, पहाटे दवानं भिजलं की पिळायचं, ते आंबट पाणी बाटलीत भरायचं, पोट दुखलं की चमचाभर द्यायचं. सगळ्या रानात तिला माझीच उभं राहायची जागा सापडते. मी जातो तो तिथलं दव धोतरानं टिपून नेलेलं असतं आणि तेवढ्या पट्ट्यात तेजाचा मागमूस नसतो. म्हणजे माझं तेज पिळून ती बाटलीत भरते, आणि तेही माझ्याच धोतरानं! एवढी वर्षं मला तीच आंब पाजत आली आहे. मला आता शंका येते, तेज मुळात त्या बाटलीतून तर आलं नसेल? हे मात्र चरित्रात नको.

पौर्णिमा जवळ आली. तयारी चालू आहे.

तुझा मामा,
दिनकरराव


पिंपळदरा
२५ जानेवारी २०२५

मंजूबाई,
तुझ्या मामीचा आशीर्वाद. अक्षर वाकडंतिकडं हाय, समजून घे. फोनवर बोलावं म्हणलं तर फोन मामांनी देवघरात ठेवलाय, भक्तांचे फोन येतेल म्हणून. आतापतूर एकच आला, तो बी रिचार्ज संपल्याचा.

गावाचं काय सांगू बाई, समदं गाव येडं झालंय. आदी तुझे मामा, मंग बजरंग, मंग जो रानात जाऊन यील तो. ज्याला त्याला आपल्याच डोक्याभवती उजेड दिसायलाय आन कोणी कोणाला सांगंना. भगवानराव रोज बांधावरून आमच्याशी भांडायचा. आता मला म्हणतो, "वैनी, बांध काय कोणाचा असतो? समदं त्याचंच." आन वर बोट दाखवतो. पर कोरून घेतलेला बांध तेवढा माघारी देईना. गिरणीवर दळण ठेवलं तं गिरणीवाला म्हणतो, "दाणा काय आन पीठ काय, एकच हाय." दोन दिवस जवारी तशीच पडून होती. शेवटी मी जात्यावर काढली. आन गावात कोणी कोणाच्या पाया पडंना, कारण जो तो आपलेच पाय पुढं करून बसलाय.

हे समदं हसण्यावारी नेलं असतं. पर परवा मामांची पिशवी उचलून ठिवाया गेले तं जड लागली. उघडून बघितली. आत नवा कमंडलू हाय, पाथरीच्या बाजारातला, त्याच्यावर किमतीची चिठ्ठी तशीच. बीपीच्या गोळ्या हायेत. माकडटोपी हाय. सृष्टीच्या लग्नातला एक फोटो बी घेतलाय. त्यात मी हाय का म्हणून बघितलं. कडंला हाय, अर्धी.

पिशवी होती तशी ठिवली. रोज भाकर करून वाढायले. मामा जाणार हायेत का? तुला लिहिलं असंल. मला खरं सांग, लपवू नको. मला लय भ्या वाटायलंय.

तुझी मामी,
चतुराबाई


पुणे
३१ जानेवारी २०२५

ती. मामींना,
साष्टांग नमस्कार.

लपवत नाही. मामांनी माघी पौर्णिमेला नर्मदेकडे जायचं ठरवलं आहे आणि परत येणार नाही म्हणतात. मी त्यांना उजेडाचं सगळं कारण लिहिलं होतं. त्यांनी त्यातलं एक वाक्य घेतलं आणि बाकीचं मला परत केलं. माझ्यामुळेच त्यांची खात्री पक्की झाली की काय, असं वाटून मला इथं बसवत नाही.

मामी, मीही तो उजेड पाहिला. आमच्या इमारतीपुढे हिरवळीचा तुकडा आहे. वॉचमनला सांगून सकाळी प्लास्टिकच्या खुर्चीसकट तिथं जाऊन बसले. ऊन पाठीवर, पाय प्लास्टरमध्ये, समोर माझी सावली, आणि तिच्या डोक्याभोवती उजेड. मला रडू आलं. वॉचमनला म्हटलं, बघा, तुम्हालाही तुमच्या डोक्याभोवती दिसेल. तो वाकून बघत राहिला. मग मी थेंबाचं, भिंगाचं सगळं समजावून सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, तुमचं तसं असेल." दुसऱ्या दिवसापासून तो गेट उघडायला उठत नाही.

तिथं मी एक फोटो काढला. आयुष्यात पहिल्यांदा आपली सावली मुद्दाम चौकटीत घेतली. खुर्ची, कुबडी, जाडजूड पाय, आणि वर ते तेज. मी काढलेल्या सगळ्या फोटोंत हा मला सर्वात खरा वाटतो. उजेड कसा वागतो हे कळलं नसतं तर पायामुळे फोटो बिघडला म्हणून मी तो पुसूनच टाकला असता.

आता उपाय सांगते. फोटोत उजेड पडतो तो कॅमेऱ्याच्या सावलीभोवती. कॅमेरा ज्याच्या डोळ्याला, तो महाराज. म्हणून बजरंग, म्हणून महारुद्र. मामा निघायच्या आधी तुम्ही त्यांचा रानात एक फोटो काढा. तेज तुमच्या डोक्याभोवती येईल आणि मामांना कळेल की ते कोणालाही निवडून येत नाही. मग दोघं गालाला गाल लावून उभे राहा आणि मोबाईल दोघांच्या मध्ये धरून सावल्यांचा दुसरा फोटो काढा. डोकी इतकी जवळ असली की दोन्ही त्याच उजेडात मावतात.

परदेशात या उजेडाला जे नाव आहे त्याचा अर्थच संताचं तेज असा होतो. हे मामांना कृपा करून सांगू नका.

आणि एक विचारू? तुम्ही तर दर हिवाळ्यात पहाटे त्याच रानात जाता. तुम्हाला कधी दिसलं नाही का?

तुमची,
मंजुषा


पिंपळदरा
६ फेब्रुवारी २०२५

मंजूबाई,
मामीचा आशीर्वाद.

तू इचारलंस म्हणून सांगते. दिसतंय. लगीन होऊन आले त्या साली सासूनं आंब धराया धाडलं, तवापासून दिसतंय, पिळता पिळता दिस वर आला की. पहिल्या दिशी भ्याले. मंग वाटलं, पहाटं उठणाऱ्या समद्या बायांना दिसत असंल, त्यात काय सांगायचं. सांगत बसले असते तं कामाला उशीर झाला असता. कधी मन दुखलं की जरा थांबून बघायचे. बरं वाटायचं. मंग धोतर पिळून घरी यायचे.

तुझा उपाय वाचला. गालाला गाल म्हणं! ह्या वयात, उघड्या रानात, आन बांधावर भगवानराव उभा. येडी का खुळी तू?

हसण्याचं सोड. फोटो मी काढणार न्हाई. तुझ्यावर राग न्हाई माझा, तू मायेनंच सांगितलंस. पर उजेड दाखवून नवऱ्याला थांबवायचं, हे मला जमायचं न्हाई. उजेड बघून थांबलेला माणूस उजेड गेला की पुन्हा उठंल. त्यांना थांबायचं असंल तं माझ्यासाठी थांबावं. न्हाई तं जावं. मी अडवणार न्हाई आन इचारणार बी न्हाई. पौर्णिमेला मी आपली रोजच्यासारखी रानात जाईन.

कमंडलूवरची किमतीची चिठ्ठी तेवढी मी काढून टाकली. लोकांत हसं नको.

तुझी मामी,
चतुराबाई


पिंपळदरा
१८ फेब्रुवारी २०२५

चि. मंजुषा हिस,
अनेक आशीर्वाद.

वरचा पत्ता वाचून ओळखलं असशीलच.

पौर्णिमेला मी ठरल्याप्रमाणे निघालो. पिशवी खांद्याला, कमंडलू हातात. तुझी मामी घरात नव्हती, रानात गेली होती. बरं झालं, असं मनात म्हटलं. खरं म्हणजे बरं वाटलं नव्हतं. जिंतूरची जीप रानाजवळूनच जाते, तेव्हा शेवटचं तेज बघून घ्यावं म्हणून हरभऱ्यात शिरलो. पाहतो तो माझ्या नेहमीच्या जागेवर धोतर पसरलेलं आणि चतुरा ते गोळा करते आहे.

"आजच्या दिवस तरी हितलं दव ठिवायचं होतं," मी म्हणालो.

"पलीकडं लय हाय," ती म्हणाली. पिशवीकडे तिनं पाहिलं, पण विचारलं काहीच नाही.

मला वाटलं होतं ती विचारेल. माझं उत्तर तयार होतं, आठवडाभर पाठ केलं होतं. ती विचारेना. म्हणून मी मोबाईल पुढे केला आणि म्हणालो, "एक फोटो काढ. जाताना पुरावा असावा."

"मला न्हाई काढायचा."

"एवढं एकच काम. पुन्हा काई सांगणार न्हाई तुला."

हे मी बोललो आणि तिनं धोतर खाली ठेवलं. पदराला हात पुसले, मोबाईल घेतला, फोटो काढला. मी बघितला. पदर घेतलेल्या डोक्याची सावली, तिच्याभोवती पांढराशुभ्र उजेड, आणि शेजारी कमंडलू धरलेला मी, काळाकुट्ट. बजरंगच्या वेळी मी मोबाईलला दोष दिला होता आणि महारुद्रच्या वेळी कॅमेऱ्याला. या वेळी कोणाला द्यावा ते कळेना.

"चतुरा, तुझ्या डोक्याभवती..."

"व्हय."

"तुला दिसायलंय?"

"लगीन झाल्यापासून."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"कामाला उशीर झाला असता."

मंजुषा, मी बांधावर बसलो. तेज आलं की घर सोडायचं, असा माझा नियम. त्या नियमानं ही लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत निघून जायला हवी होती. मग मी जेवलो कुठं असतो? सृष्टी कुठून आली असती? ही रोज सकाळी तेवढा उजेड डोक्याला घेऊन घरी यायची आणि मी तिला विचारायचो, चहा झाला का. ती केव्हाही जाऊ शकली असती, हे माझ्या आता ध्यानात आलं आणि मला भीती वाटली. नर्मदेचा विचार करताना एकदाही वाटली नव्हती.

"जाऊ का थांबू?" मी विचारलं.

ती ओलं धोतर हातात घेऊन उभी होती. डोळे भरलेले होते, पण आवाज रोजचाच. म्हणाली, "आदी ह्याचं दुसरं टोक धरा. एकटीला पिळाया जड जातंय."

मी धरलं. धोतर जन्मभर माझं होतं, पण ते पिळायला दोन माणसं लागतात हे मला ठाऊक नव्हतं. तिचा तांब्या भरला म्हणून उरलेली आंब कमंडलूत पिळली. तेवढ्यात जीप आली, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, आम्ही पिळत होतो, जीप निघून गेली.

मग तिनं तुझ्या पत्रातली गालाची युक्ती सांगितली. सांगताना तिलाच हसू आवरेना. बांधावरून भगवानराव ओरडला, "काय चाललंय ओ?" मी ओरडून सांगितलं, "शास्त्रीय प्रयोग!" फोटो दोनदा काढावा लागला, कारण पहिल्या वेळी माझी दाढी तिला टोचली आणि मोबाईल हरभऱ्यात पडला. दुसरा सोबत पाठवतो आहे. एक पदर, एक टोपी, भोवती एकच उजेड. महारुद्रकडून छापून घेतला. त्यानं पैसे घेतले, म्हणजे तो आता बरा आहे.

घरी येऊन तुझं पहिलं पत्र पुन्हा काढलं आणि या वेळी भिंगासकट वाचलं. मग मारुतीच्या देवळातला भोंगा लावून जाहीर केलं: "पिंपळदऱ्याच्या ग्रामस्थांनी लक्ष द्यावे. हरभऱ्यात दिसणारे तेज प्रत्येकाचे स्वतंत्र असून ते दवाचे आहे. कोणीही घर, काम किंवा दळण सोडू नये." मग गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला. बजरंग संध्याकाळी खुरपं न्यायला आला आणि म्हणाला, "तरी म्हणलं, तेज आलं मंग पाठ का दुखायलीय?" भगवानरावानं आज सकाळी बांधावरून पहिली शिवी दिली. ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

चरित्राचं रद्द समज.

तुझा मामा,
दिनकरराव

ता. क. मंजूबाई, हे मी लिहायले. मामा खांद्यावरून बघायलेत, बघू दे. हरभरा काढणीला आलाय. बजरंग इळा घेऊन आला तं मामा म्हणाले, रस्त्याकडचा तेवढा कोपरा सोड. पाय बरा झाला की ये, तोवर उभा ठिवते. आता रोज पहाटं माझ्या मागं रानात येतेत. धोतराचं टोक धरतेत. मंग दाढी करून आलोय म्हणतेत आन गाल लावून उभे ऱ्हातेत. रोज कामाला उशीर व्हायलाय. होऊ दे.